बर्फाविना परीक्षा

नवी मुंबईच्या दमट हवेत वाढलेला माणूस गुलमर्गच्या अफरवटावर, आखीव उतार सोडून, कोऱ्या बर्फावरून स्कीइंग करण्याचा मनसुबा रचू लागला, की त्याच्या खरेदीच्या यादीत ट्रान्सीव्हर अग्रस्थानी येतो आणि ते यंत्र छातीशी बांधले म्हणजे हिमस्खलनाचा बंदोबस्त झाला, असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः ते यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर संकेत पाठवीत राहते, एवढेच. तो संकेत हुडकणारा सोबती, बर्फात खुपसून ठाव घेण्याची घडीची लांब काठी आणि धातूच्या पात्याचे फावडे यांच्या अभावी ते निरुपयोगीच. संपूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतांश वाचतात, अर्ध्या तासाअखेर हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास घसरते. सरकारी मदत इतक्या त्वरेने क्वचितच पोहोचते.

रोपवे नेतो त्या अर्थी वरचा मुलूख निर्धोक असला पाहिजे, हा समज तर सपशेल खोटा. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच अफरवटावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गतप्राण झाले.

‘आमच्याकडे बर्फच नाही, मग साधने पारखणार कोठे?’ हा प्रश्न मात्र सविस्तर उत्तरास पात्र आहे. ट्रान्सीव्हरच्या कंप्रतेच्या चुंबकीय क्षेत्राला बर्फाचा अडथळा जवळजवळ नसतोच, म्हणून खारघरच्या एखाद्या मोकळ्या मैदानातही, विजेच्या तारा आणि लोकलचा मार्ग दूर ठेवून, उत्तम परीक्षा होते. एकाने यंत्र आडवे, उभे, तिरपे धरावे, दुसऱ्याने दूर जात संकेत कोठे तुटतो ते पाहावे. वेष्टनावर छापलेला पल्ला अनुकूल स्थितीतला असतो, हे तत्काळ ध्यानी येईल. मग यंत्र पालापाचोळ्याखाली दडवून, घड्याळ लावून, शोधाचा सराव करावा. तीन अँटेनांचे यंत्रच घ्यावे. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या, एका अँटेनाच्या यंत्राचा मोह माझ्या मते अक्षम्य होय. मोबाइल संकेत पाठवताना वीस आणि शोधताना पन्नास सेंटीमीटर तरी दूर असावा.

पुन्हा चार्ज होणारे सेल काटकसरीचे खरे, परंतु त्यांच्यामुळे उरलेल्या शक्तीचा आकडा फसवा दिसू शकतो, सबब निर्मात्याने सांगितलेलेच सेल घालावेत आणि मोसम संपताच काढून ठेवावेत, कारण इकडच्या पावसाळ्यात गळलेला सेल आतले धातूचे जोड खाऊन टाकतो.

राहिली हिमस्खलनात फुगवायची हवेची पिशवी. ती माणसाला वर ठेवण्यास साहाय्य करते, पण खडकाच्या व झाडाच्या आघातापासून वाचवीत नाही. शिवाय तिच्या दाबाच्या नळकांड्यास विमान कंपनीची परवानगी आगाऊ घ्यावी लागते, ते काम तिकीट काढतानाच उरकावे.