बटण नंतर दाबले, मग आधीचे कसे दिसले?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांचा आठवीतला मुलगा टीव्हीला जोडलेल्या गेम कन्सोलवर फुटबॉल खेळत होता. त्याने एक सुंदर गोल केला, आनंदाने उडी मारली आणि मग हातातल्या यंत्राचे एक बटण दाबले. लगेच तोच गोल पडद्यावर पुन्हा दिसू लागला. शेजारी बसलेल्या त्याच्या आजींनी विचारले, "अरे, बटण तर तू नंतर दाबलंस. मग आधीचं कसं काय आलं?" मुलगा म्हणाला, "येतंच ते, आजी!"

आजींचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता. त्याचे उत्तर शोधू लागलो, की घरातल्या एका खोक्याच्या पोटात किती विज्ञान दडले आहे ते कळते.

पहिला भाग सोपा आहे. वर्गातल्या फळ्यावर पंधरा रकाने आखले आहेत अशी कल्पना करा. दर मिनिटाला घडलेली गोष्ट आपण एकेका रकान्यात लिहितो. सोळाव्या मिनिटाला जागा उरत नाही, म्हणून पहिला रकाना पुसून तिथे लिहितो. सतराव्या मिनिटाला दुसरा पुसतो. असे दिवसभर लिहिले तरी फळा अपुरा पडत नाही आणि कोणत्याही क्षणी मागची पंधरा मिनिटे त्यावर असतात. २०१३ साली बाजारात आलेल्या 'प्लेस्टेशन ४' या कन्सोलमध्ये नेमकी हीच सोय होती. खेळाची मागची पंधरा मिनिटे ते सतत, न सांगता, नोंदवत राही. बटण दाबणे म्हणजे रेकॉर्डिंग सुरू करणे नव्हे. 'हे आता पुसू नकोस' असे सांगणे, एवढाच त्याचा अर्थ. विमानातील वैमानिकांचे बोलणे नोंदवणारे यंत्रही याच तऱ्हेने जुने पुसत नवे नोंदवते.

पण येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. या फळ्याला जागा किती लागेल? हे गणित मुलांकडून जरूर करवून घ्या. 'फुल एचडी' चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूचा रंग सांगायला तीन आकडे, म्हणजे तीन बाइट लागतात. सेकंदाला ३० चित्रे धरली तर एका सेकंदाला सुमारे १८ कोटी ६६ लाख बाइट होतात आणि पंधरा मिनिटांना जवळजवळ १६८ अब्ज! प्रत्यक्षात चांगल्या दर्जाच्या रेकॉर्डिंगला सेकंदाला एक कोटी बिट पुरतात. त्या हिशेबाने पंधरा मिनिटांना एक अब्जाहून थोडे अधिक बाइट होतात. म्हणजे माहिती सुमारे दीडशेपट कमी झाली. उरलेली गेली कुठे?

ती जाणूनबुजून टाकून दिली. त्याच्या तीन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती डोळ्याच्या स्वभावावर बेतलेली आहे. उजेडातला बारीक फरक आपला डोळा चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची ठेवतात, रंगाची मात्र शेजारच्या चार बिंदूंत मिळून एकदाच. चार बिंदूंना बारा आकडे लागत होते, तिथे आता सहा पुरतात. एवढ्यानेच ओझे निम्मे झाले.

दुसऱ्या युक्तीत चित्राचे लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात सावकाश बदलणारा भाग किती आणि बारीक रेघोट्यांसारखा भाग किती, हे गणिताने वेगळे काढतात. बारीक भाग डोळ्याला फारसा जाणवत नाही, म्हणून तो ढोबळपणे लिहितात किंवा गाळतात. हे गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी अमेरिकेत असताना सुचवले. १९७२ मध्ये त्यांनी या कामासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले, ते मिळाले नाही. तरीही काम पुढे चालवून १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते प्रसिद्ध केले. व्हिडिओसाठी २००३ साली आलेल्या 'एच.२६४' या पद्धतीत त्याचेच सोपे केलेले रूप वापरतात.

तिसरी युक्ती सर्वांत मोठी आहे आणि ती वर्गात करून पाहता येते. आलेख-कागदावर दहा बाय दहा घरांचा चौकोन घ्या. त्यात चार घरे काळी करून चेंडू काढा. दुसऱ्या कागदावर तोच चेंडू दोन घरे उजवीकडे काढा, तिसऱ्यावर आणखी दोन घरे. आता एका मुलाने ही चित्रे पाठमोऱ्या बसलेल्या मुलाला तोंडी सांगायची. पहिल्या चित्रासाठी शंभर घरे सांगावी लागतील. दुसऱ्यासाठी मात्र 'सगळे तसेच, चेंडू दोन घरे उजवीकडे' एवढे पुरते. यंत्रही असेच करते. बहुतेक वेळा ते चित्र साठवत नाही, आधीच्या चित्रापासूनचा फरक साठवते.

आता मुलांना विचारा, मधला निरोप ऐकूच आला नाही तर? पुढची सगळी चित्रे चुकतील. म्हणून ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र पुन्हा सांगावे लागते. जोराच्या पावसात डिश टीव्हीवरचे चित्र चौकोन-चौकोन होऊन फुटते आणि मग एकदम नीट होते, ते आपण पाहिलेले आहे. नीट होते तो क्षण बहुधा नवे पूर्ण चित्र येऊन पोचल्याचा असतो.

त्याच खोक्यावर इंटरनेटवरून टीव्ही पाहतो तेव्हा हेच काम उलट दिशेने चालते. कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जात तयार असतो. खोके काही तुकडे आधीच आणून ठेवते, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखे. नळाची धार बारीक झाली की ते हलक्या दर्जाचा तुकडा मागवते, म्हणून चित्र मधूनच धूसर होते. टाकी रिकामी झाली की फिरणारे वर्तुळ दिसते.

मग खेळासारखा चित्रपटही नोंदवता येईल का? बहुधा नाही. चित्रपट कुलूपबंद संकेतात येतो आणि किल्ली फक्त मान्यता असलेल्या यंत्रालाच मिळते. रेकॉर्डिंग आपोआप थांबते किंवा पडदा काळा दिसतो. यंत्र बिघडलेले नसते, मालकी हक्काची अट ते पाळत असते.

हे सारे शिक्षकांनी का जाणून घ्यावे? आज अनेक शाळांत पडणाऱ्या चेंडूचे मोबाइलवर चित्रण करून त्वरण मोजतात. प्रयोग उत्तम आहे, पण मोबाइलही याच तीन युक्त्या वापरतो. हलणाऱ्या झाडापुढे, हातात फोन धरून चित्रण केले तर सगळेच बदलत राहते आणि चेंडूच्या वाट्याला माहिती कमी येते. त्याची कडा पुसट होते, मोजमाप चुकते. म्हणून फोन स्टुलावर घट्ट ठेवा, मागे कोरी भिंत असू द्या आणि चेंडू ठळक रंगाचा घ्या. दोन्ही तऱ्हांनी चित्रण करून मुलांना फरक पाहू द्या.

आजींना आम्ही फळ्याचे उदाहरण सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे ते सगळंच बघत होतं आणि विसरतही होतं. तू फक्त विसरू नको म्हणालास." याहून नेमके उत्तर आम्हालाही देता आले नसते.