शेल स्क्रिप्टमधील पर्याय वाचणे: गेटऑप्ट्सचा वापर



काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतील जुन्या फाइल काढण्यासाठी मी ‘सफाई’ नावाची एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली होती. तिला -डी या पर्यायाने दिवसांची संख्या द्यायची. -एन दिला तर तिने काहीही न पुसता फक्त यादी दाखवायची. सत्राच्या शेवटी आमच्या सहायकाने आधी यादी पाहावी म्हणून पुढील आदेश दिला:

सफाई -डी ७ सबमिशन -एन

यादी आलीच नाही. सात दिवसांपेक्षा जुन्या सगळ्या फाइल मात्र गेल्या. बॅकअप होता म्हणून निभावले. चूक सहायकाची नव्हती, माझ्या स्क्रिप्टची होती. ती कशी झाली हे समजले की गेटऑप्ट्सचा बराचसा भाग समजतो.

(सूचना: या पाठात आदेश व चल देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत लिहावेत. ऑप्टार्ग आणि ऑप्टइंड ही नावे मोठ्या अक्षरांत लिहावीत.)

१. गेटऑप्ट्स म्हणजे काय?

गेटऑप्ट्स हा शेलमध्येच अंतर्भूत असलेला आदेश आहे. तो पॉझिक्स मानकात आहे, त्यामुळे बॅश, डॅश, कॉर्न शेल अशा सर्व प्रमुख शेलमध्ये चालतो. प्रत्येक वेळी बोलावल्यावर तो एक पर्याय वाचतो. पर्याय संपले की अपयशाचा संकेत देतो आणि लूप थांबते.

व्हाइल गेटऑप्ट्स ":एनडी:" ऑप्ट; डू
  केस "$ऑप्ट" इन
    एन) फक्त_यादी=१ ;;
    डी) दिवस="$ऑप्टार्ग" ;;
    :) इको "-$ऑप्टार्ग ला मूल्य हवे" >&2; एक्झिट २ ;;
    \?) इको "अज्ञात पर्याय: -$ऑप्टार्ग" >&2; एक्झिट २ ;;
  इसॅक
डन
शिफ्ट $((ऑप्टइंड - १))

२. ओळींचा अर्थ

अवतरणातील मजकूर म्हणजे स्वीकारायच्या पर्यायांची यादी. ‘डी’नंतरचा विसर्गचिन्हासारखा कोलन सांगतो की या पर्यायाला मूल्य लागते, ते मूल्य ऑप्टार्गमध्ये मिळते. ‘एन’नंतर कोलन नाही, म्हणजे तो नुसताच यायचा.

अगदी सुरुवातीच्या कोलनचे काम वेगळे आहे. तो असेल तर गेटऑप्ट्स स्वतः त्रुटीसंदेश छापत नाही, ते काम आपल्यावर सोपवतो. मूल्य राहून गेले तर ऑप्टमध्ये कोलन येतो, अनोळखी पर्याय आला तर प्रश्नचिन्ह येते; दोन्ही वेळा दोषी अक्षर ऑप्टार्गमध्ये असते. केसमध्ये प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा होतो, म्हणून त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ दिली आहे.

ऑप्टइंडमध्ये पुढे वाचायच्या आर्ग्युमेंटचा क्रमांक असतो आणि तो १ पासून सुरू होतो. म्हणून शेवटच्या शिफ्टने वाचून झालेले पर्याय बाजूला होतात आणि "$@" मध्ये फक्त फोल्डरचे नाव उरते.

३. मग फाइल का गेल्या?

गेटऑप्ट्स पर्याय नसलेला पहिला शब्द दिसताच थांबतो. वरील आदेशात तो -डी ७ वाचून ‘सबमिशन’पाशी थांबला. त्यापुढचा -एन त्याने पाहिलाच नाही. माझी स्क्रिप्ट उरलेल्यांपैकी पहिला शब्द फोल्डर म्हणून घेत होती आणि बाकीच्यांकडे लक्षच देत नव्हती.

सहायकाची अपेक्षा चुकीची होती का? नाही. लिनक्सवरील एलएस किंवा आरएमसारखे ग्नू आदेश फोल्डरच्या नावानंतर दिलेला पर्यायही ओळखतात, कारण ते आर्ग्युमेंटचा क्रम स्वतः बदलून घेतात. ती सवय हाताला लागलेली असते. वापरणाऱ्याची सवय आणि आपल्या स्क्रिप्टचा नियम जुळत नसेल, तर स्क्रिप्टने गप्प बसून काम करू नये, थांबून सांगावे.

४. तीन आवश्यक तपासण्या

(अ) शिफ्टनंतर "$#" पाहा. एकच फोल्डर अपेक्षित असेल तर ही संख्या १ असलीच पाहिजे. त्या दिवशी ती २ होती. ही एक तपासणी असती तर एकही फाइल गेली नसती.

(आ) मूल्य तपासा. ‘सफाई -डी -एन सबमिशन’ असे लिहिले तर गेटऑप्ट्स तक्रार करत नाही; तो -एन हेच डीचे मूल्य समजतो. म्हणून ‘दिवस’ रिकामे नाही आणि त्यात फक्त अंक आहेत याची खात्री करा.

(इ) लूपच्या आधी चलांना प्रारंभिक मूल्ये द्या. अन्यथा त्याच नावाचे चल बाहेरच्या वातावरणातून आत येऊ शकते.

पुसणाऱ्या स्क्रिप्टसाठी याहून चांगला मार्ग म्हणजे मूळ वर्तनच सुरक्षित ठेवणे: काही न सांगितल्यास यादी दाखवावी आणि पुसण्यासाठी वेगळा पर्याय मागावा. मग पर्याय विसरला तरी नुकसान होत नाही.

५. आणखी दोन गोष्टी

फाइलचे नावच डॅशने सुरू होत असेल तर त्याआधी -- द्यावे. तिथे पर्याय संपले असे गेटऑप्ट्स मानतो. तसेच गेटऑप्ट्स एखाद्या फंक्शनमध्ये पुन्हा वापरायचा असेल तर ऑप्टइंड आधी १ करा. शेल ते आपोआप करत नाही.

दोन डॅशचे लांब पर्याय गेटऑप्ट्सला येत नाहीत. त्यासाठी लिनक्सवर युटिल-लिनक्स संचातील ‘गेटऑप्ट’ हा वेगळा आदेश आहे. नावात एका अक्षराचाच फरक असला तरी हा शेलबाहेरचा प्रोग्रॅम आहे, आणि मॅकओएसवरील त्याच नावाचा जुना आदेश लांब पर्याय ओळखत नाही.

सरावासाठी

१. वरील स्क्रिप्टला -एनडी७ असे जोडून दिल्यास काय होईल? आधी कागदावर लिहा, मग चालवून पाहा.
२. सुरुवातीचा कोलन काढा आणि संदेशांत पडणारा फरक नोंदवा.
३. तपासणी (अ) आणि (आ) जोडा. चाचणी रिकाम्या फोल्डरवर करा, आपल्या होम फोल्डरवर नको.