चूक दुसऱ्याची, क्लेम आपल्या पॉलिसीवर

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाला त्रयस्थ-पक्ष विमा, म्हणजे बोलीतला ‘थर्ड पार्टी’, सक्तीचा आहे आणि त्यात दुसऱ्याच्या जीविताबरोबर त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचीही हमी असते. खासगी मोटारीच्या पॉलिसीत मालमत्तेपुरती ही मर्यादा साधारणतः साडेसात लाख रुपये असते. मालकाने हप्त्यातील किरकोळ सवलतीपायी ती सहा हजारांवर आणली नसेल, तर समोरच्याच्या मोटारीची मोठी दुरुस्तीही तीत बसावी. तरीही मागून धडक बसलेल्या निर्दोष मोटारमालकाला गॅरेजवाला आणि विमा एजंट बहुधा एकच सल्ला देतात, तो म्हणजे स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम टाकण्याचा.

हा सल्ला व्यवहाराला धरून आहे. दोषी वाहनाच्या विम्यातून वादग्रस्त भरपाई मिळवायची, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दोष आणि नुकसान दोन्ही सिद्ध करावे लागतात, आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये ठेवणे कोणालाच परवडत नाही. उलट सर्वसमावेशक पॉलिसीतील ‘ओन डॅमेज’ हा भाग चूक कोणाची हे न विचारता दुरुस्तीचा खर्च देतो. पैसे दिल्यानंतर दोषी पक्षाकडून ते वसूल करण्याचा विमाधारकाचा हक्क कंपनीकडे जातो, ज्याला प्रत्यासन म्हणतात. पण ज्याने त्याने आपापल्या ग्राहकाचे नुकसान भरावे, अशी ‘नॉक फॉर नॉक’ नावाची समजूत कंपन्यांमध्ये असल्याने मोटारींच्या बाबतीत हा हक्क पुष्कळदा कागदावरच राहतो. कंपन्यांची त्यात सोय होते आणि त्या सोयीचा काही भार निर्दोष ग्राहकावर पडतो.

तो कसा, हे आकड्यांतच पाहावे. समजा, साडेतीन वर्षे वापरलेल्या, १२०० सीसीच्या मोटारीचा मागचा बंपर बारा हजारांचा, डिकीचे झाकण वीस हजारांचे आणि रंगकामाचे एकत्रित बिल दहा हजारांचे आहे. प्लास्टिकच्या सुट्या भागांवर पन्नास टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेल्या किमतीची वजावट, लागते, म्हणून बंपरचे सहा हजार मालकाच्या खिशातून जातात. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर घसारा पंचवीस टक्के, म्हणून डिकीचे पाच हजार जातात. रंगकामात एक चतुर्थांश रक्कम साहित्याची धरून तिच्या निम्मी, म्हणजे साडेबाराशे रुपये, कापली जाते. वर पंधराशे सीसीपर्यंतच्या मोटारीची हजार रुपयांची सक्तीची वजावट आहेच. बेचाळीस हजारांच्या बिलात सव्वातेरा हजार अशा रीतीने ज्याची चूक नाही त्याच्याच माथी येतात. काचेवर मात्र घसारा नसतो आणि ‘झिरो डेप’ ही पुरवणी घेतली असेल, तर घसाऱ्याचा बोजा बहुतांशी टळतो.

याहून अधिक टोचतो तो ‘नो क्लेम बोनस’. क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर वीस टक्के आणि पुढे पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस व पन्नास टक्के अशी चढत जाणारी ही सवलत एका क्लेमने शून्यावर येते, चूक कोणाचीही असो. ती वाचवण्याची पुरवणी घेतलेली नसेल, तर लहानसा पोचा स्वखर्चाने काढून घेणे अनेकदा स्वस्त पडते; हा हिशेब क्लेमचा अर्ज भरण्याआधी मांडला तरच उपयोगी.

मार्ग कोणताही निवडला, तरी पुरावा जागेवरच जमवावा लागतो. गाड्या बाजूला घेण्यापूर्वी दोन्हींच्या नंबरप्लेट आणि रस्ता एका चौकटीत येतील अशी छायाचित्रे, साक्षीदाराचा फोन नंबर आणि पोलीस ठाण्यातील नोंद, एवढे तरी हाती असावे. चौकात होणारी तडजोड वाटते तितकी निरुपद्रवी नसते, कारण ‘दोन-चार हजार घ्या आणि मिटवा’ म्हणणाऱ्याला तसे लिहून दिल्यावर डिकीखालचा सांगाडा वाकलेला निघाला, तर त्याच्याकडून पुढे काही मागणे कठीण होते, शिवाय कंपनीचा वसुलीचा हक्कही बुडाल्याने ती क्लेमबद्दल हरकत घेऊ शकते.

गाडी कंपनीशी करार असलेल्या कॅशलेस गॅरेजात टोचन करून नेली, तरी सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत तिला हात लावू देऊ नये. बंपर उतरवल्यावर आत नवे नुकसान दिसले, तर तेही त्याला दाखवून वाढीव अंदाजपत्रक मंजूर करून घ्यावे लागते. हे राहून गेले, की त्या कामाचे बिल मालकावर येण्याची शक्यता मोठी.

ज्याच्याकडे स्वतःचा केवळ थर्ड पार्टी विमा आहे, त्याच्यापुढे मात्र दोषी चालक स्वखुशीने पैसे देत नसेल, तर दाव्यावाचून फारसा पर्याय नाही. तो अपघाताच्या ठिकाणच्या किंवा आपल्या राहत्या भागातील न्यायाधिकरणात दाखल करता येतो आणि एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीने त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. समोरची कंपनी आपणहून सर्व्हेअर पाठवील या भरवशावर न राहता, अशा मालकाने दुरुस्तीपूर्वीच परवानाधारक सर्व्हेअरकडून नुकसानीचा अहवाल करून घ्यावा आणि गॅरेजच्या पक्क्या बिलांसोबत बदललेले भागही जपून ठेवावेत.