बाहुलीवरचे प्रेम आणि गावाची समज

भावाच्या घराशेजारच्या गॅरेजमध्ये एकटाच राहणारा एक लाजाळू तरुण. कुणी सहज हात लावला तरी अंग भाजल्यासारखे व्हावे, इतका माणसांपासून दूर गेलेला. एक दिवस तो माणसाएवढी बाहुली मागवतो आणि ‘ही माझी मैत्रीण बियांका’ अशी भाऊ-वहिनीला ओळख करून देतो. २००७ मध्ये आलेल्या ‘लार्स अँड द रिअल गर्ल’ या अमेरिकी विनोदी चित्रपटाची ही गोष्ट.

समीक्षकांना तो बहुतांशी आवडला. रॉजर एबर्ट यांनी त्याला चारपैकी साडेतीन तारे दिले. नॅन्सी ऑलिव्हर यांच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. काहींना मात्र तो फारच गोड वाटला. अख्खे गाव त्या बाहुलीला केस कापायला नेते, शाळेच्या मंडळावर निवडूनही देते. इतकी समजूतदार माणसे असतात कुठे, असा त्यांचा आक्षेप. डॉक्टरांच्या नजरेतून पाहिले, तर चित्रपटातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नेमकी हीच आहे.

भ्रम वादाने जात नाही

भ्रम म्हणजे पुरावा दाखवूनही न हलणारी खोटी खात्री. नसलेला आवाज ऐकू येणे किंवा नसलेले माणूस दिसणे, हा भास. भ्रम असलेला माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्यासाठी ते खरेच असते. त्यामुळे ‘हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे दरडावल्याने भ्रम जात नाही, माणूस मात्र आपल्यापासून तुटतो.

प्रेमाचा भ्रमही असतो. एखादी नटी, अधिकारी किंवा जेमतेम ओळखीची व्यक्ती आपल्यावर गुपचूप प्रेम करते, इशारे देते, अशी पक्की खात्री होते. समोरच्याने स्पष्ट नकार दिला, तरी त्यातही होकार दिसतो. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबो यांनी १९२१ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. लार्सचा प्रकार याहून वेगळा आहे. त्याची आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. आता वहिनी गरोदर आहे आणि त्याची जुनी भीती पुन्हा वर आली आहे.

चित्रपटातली डॉक्टर घरच्यांना सांगते, की त्याच्याशी वाद घालू नका. स्वतः मात्र बाहुलीच्या तपासणीच्या निमित्ताने ती दर आठवड्याला लार्सशी बोलते. धीर धरणे आणि नाते टिकवणे, हे तिचे बरोबर. पण प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांना औषधांची गरज लागते. केवळ माया करून भ्रम आपोआप विरघळेल, या आशेवर महिने घालवणे महागात पडते. उपचार जितके उशिरा सुरू होतात, तितके बरे होणे कठीण जाते.

आपल्याकडचे चित्र

आपल्याकडे २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ने भास विनोदातून दाखवला. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले गांधीजी फक्त मुन्नालाच दिसतात. लोकांनी ‘गांधीगिरी’ उचलली, पण ‘केमिकल लोचा’ हा शब्द चेष्टेपुरता उरला. त्याआधी, २००४ मध्ये, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ने स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण गांभीर्याने दाखवली. घरातल्या माणसाची होणारी ओढाताण त्यात दिसते.

हिमायतनगरसारख्या गावात कोण कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. हीच आपली ताकद आणि हीच अडचण. कुणाचा मुलगा घराबाहेर पडेनासा झाला, एकटाच बोलू लागला, की गावाला ते लगेच कळते. मग ‘बाहेरचे काहीतरी’ म्हणून अंगारे-धुपारे होतात, पोरे मागे लागून चिडवतात. ‘लग्न करून द्या, ठिकाणावर येईल’ असा सल्लाही मिळतो. लग्न हा भ्रमावरचा उपचार नाही. त्यात आणखी एका मुलीच्या आयुष्याची परवड होते.

घरच्यांनी काय करावे?

भ्रमाला ‘खोटे’ म्हणू नये आणि ‘खरे’ही म्हणू नये. ‘तुला त्रास होतोय, हे दिसतंय. आपण मिळून डॉक्टरांना विचारू’ एवढे म्हणावे. झोप, जेवण, अंघोळ याकडे लक्ष द्यावे. रोजच्या छोट्या कामांत त्याला सोबत घ्यावे. औषधे मनाने बंद करू नयेत.

कुणाचा पाठलाग करणे, धमक्या देणे, अन्नपाणी सोडणे किंवा मरणाची भाषा सुरू झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, मराठीतूनही.

लार्सच्या गावाने त्याला बरे केले नाही. उपचार सुरू असेपर्यंत त्याला एकटे पडू दिले नाही, एवढेच. तेवढे तर कुठल्याही गावाला जमण्यासारखे आहे.