आमवाताचा विस्तव आणि रक्तवाहिन्या

औसा तालुक्यांत सोयाबीनची रास घरीं आली व रब्बीची पेरणी आटोपली, म्हणजे हातापायांच्या दुखण्यांकडे पाहण्यास आपणांस थोडी उसंत मिळते. त्यांतील पुष्कळशीं दुखणीं श्रमाचीं किंवा वयोमानाच्या झिजेचीं असतात. आमवाताची गोष्ट मात्र निराळी आहे, व त्याजविषयीं एक बाब वाचकांच्या कानीं घालणें आम्हांस अगत्याचें वाटतें. आमवात हा केवळ सांध्यांचा रोग नव्हे. तो रक्तवाहिन्यांचाही वैरी आहे.

आमवात हें नांव माधवनिदानाइतकें जुनें आहे. हल्लींचे डॉक्टर ज्या रोगास हें नांव देतात, त्यांत शरीराची रक्षक शक्तिच उलटून सांध्यांच्या अस्तरावर चाल करते. कुंपणानेंच शेत खावें, तसा हा प्रकार. दोन्ही हातांचीं बोटें व मनगटें सुजतात आणि सकाळीं तासभर मूठ वळत नाहीं. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं सुरू झालेल्या पाहणींत चार हजारांवर प्रौढ ग्रामस्थांची विचारपूस झाली, तेव्हां हजारीं सुमारें पांच जणांस हा रोग आढळला. पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो दुपटी-तिपटीनें अधिक. म्हणजे खुरपणी-वेचणीचा भार जिच्यावर, तिलाच तो गांठतो.

सांध्यांत पेटलेला दाह तेथेंच थांबत नाहीं. त्यांतून निघणारीं द्रव्यें रक्ताबरोबर सर्व शरीरांत फिरतात. त्यायोगें रक्तवाहिनीचें आंतील अस्तर बिघडतें, तिची लवचीकता जाते, आणि भिंतींत मेदाचा थर धरूं लागतो. पाटांत गाळ सांचला तर टोकाचें शेत कोरडें राहतें, हें आपण जाणतोंच. येथें अधिक भय असें कीं, दाहानें हा थर ठिसूळ होऊन एकाएकीं फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, व हृदयाचा अथवा मेंदूचा रक्तप्रवाह तुटतो. म्हणूनच युरोपांतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनें २०१० सालीं अशी शिफारस केली कीं, जुन्या व जोरदार आमवातांत हृदयविकाराचा संभव नेहमींच्या हिशेबाच्या दीडपट धरावा. पुढें ती सर्वच आमवाती रोग्यांस लागू झाली. दाह जोरांत असतां रक्तांतील कोलेस्टेरॉल उलट कमी भरूं शकतें. तेवढ्या आंकड्यावर विसंबूं नये.

दुखणें थांबलें म्हणजे विस्तव विझला, असें नव्हे. डायक्लोफेनॅक हें औषध गोठ्यामुळेंही आपल्या परिचयाचें आहे. तें दिलेल्या मृत जनावरांचें मांस खाऊन गिधाडें मेलीं, म्हणून २००६ सालीं जनावरांकरितां त्यावर बंदी आली. माणसांस तें मिळतें. परंतु फार दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो, आणि मूत्रपिंड व हृदय यांस अपाय होतो. स्टेरॉइड मिसळलेली पुडी प्रथम चमत्कार दाखविते, मागाहून रक्तांतील साखर व रक्तदाब वाढविते. रोगाच्या मुळाशीं जाणारें मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तें चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेततें. गरोदरपणीं तें वर्ज्य आहे, व त्यासोबत रक्ततपासणी अवश्य हवी.

आतां कर्तव्य काय तें सांगतों. सूज सहा आठवडे टिकली तर वाट पाहूं नये. औशाहून वीसएक किलोमीटरवर लातूरचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथें दाखवावें. रक्तदाब, साखर व मेद यांची तपासणी नियमानें करावी. विडी-तंबाखू सोडावी, विडीनें आमवात व रक्तवाहिन्या दोन्ही बिघडतात. झेपेल तेवढें चालावें. छातींत कळ, धाप, किंवा एका अंगास लुळेपणा आल्यास तें वाताचें म्हणून घरीं शेकीत बसूं नये; तत्काळ रुग्णालय गांठावें.

बैलाचा पाय सुजला तर आपण दुसरे दिवशीं डॉक्टरांस बोलावतों. घरच्या कारभारणीचें मनगट वर्षभर सुजलेलें पाहून स्वस्थ बसणें आपणांस शोभत नाहीं.