माळ्यावरची परखी

तुमसर तालुक्यातील सिहोरा हा धानाचा परिसर. धान्याचा व्यापार केलेल्या जुन्या घरांत वाटणीच्या वा दुरुस्तीच्या वेळी माळा रिकामा होतो, तेव्हा तराजू आणि वजने चटकन ओळखू येतात; पण सोबतची एक वस्तू नव्या पिढीला कोड्यात टाकते. साधारण वीत-दीड वीत लांबीची लोखंडी किंवा पितळी पन्हळ, पुढचे टोक अणकुचीदार, मागची मूठ मात्र पोकळ आणि शेवटी उघडी. कोणी तिला शस्त्र समजतो, कोणी दाभण. बहुधा ती भंगारात जाते.

दाभण भरीव असते व तिला सुतळी ओवण्यासाठी नेढे असते. हमालाचा आकडा वाकडा असतो. पन्हळ आणि पोकळ मूठ ही दोन लक्षणे एकत्र दिसली की ती वस्तू म्हणजे परखी, हे निश्चित समजावे. पोते न उसवता आतील धान्याचा नमुना काढण्याचे हे साधन. ‘पारख’ या शब्दाशी तिच्या नावाचे नाते उघड आहे. आपल्या समाजात तर ते आडनावही आहे.

तिची रीत साधी आहे. टोक किंचित वर ठेवून, पन्हळीचे तोंड खाली करून परखी पोत्यात खुपसायची आणि आत गेल्यावर फिरवायची. पन्हळीत भरलेले दाणे उतारामुळे मुठीतून घरंगळत तळहातावर येतात. परखी काढल्यावर तिच्याच टोकाने तागाचे धागे सारखे केले की छिद्र बुजते. मग धान तळव्यावर चोळून तांदूळ पाहायचा, तुकडा व पोचट दाणे निरखायचे. दाताखाली दाणा कडकन फुटला तर सुका, दबला तर ओला. आज शासकीय खरेदीत ओलाव्याची मर्यादा १७ टक्के असून तो यंत्राने मोजतात. तरी नमुना पोत्यातूनच घ्यावा लागतो.

१ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजनांचा अवलंब टप्प्याटप्प्याने सुरू झाला. शेर, मण, पायली मागे पडले आणि जुनी मापे अडगळीत गेली. परखीला मात्र या बदलाची झळ लागली नाही. माल किती, हे तराजू सांगतो. माल कसा, हे परखी.

तिचा खरेपणा मात्र धरणाऱ्या हातावर अवलंबून असतो. विकणारा वर चांगला माल भरून तळाशी कचरा लपवू शकतो. म्हणून वर, मध्ये व तळाशी अशा तिन्ही ठिकाणी परखी लावावी लागते. उलट घेणारा मुद्दाम ओलसर कोपऱ्यातलाच नमुना काढून भाव पाडू शकतो. नमुन्याचे मूठभर दाणे पोत्यात परत जातात की दुकानदाराच्या टोपलीत, हाही शेतकऱ्याच्या मनातला जुना प्रश्न. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि भेसळीचा व्यवहार यांची गणना आहे. गादीवर बसणाऱ्याला ती कसोटी दिवसातून अनेकदा द्यावी लागत असे.

घरात अशी वस्तू सापडल्यास घाईने घासून चकचकीत करू नये. मुठीवर नाव वा खूण कोरलेली असल्यास ती झिजून जाते. कोरड्या कापडाने पुसावी, लोखंडाला तेलाचा हलका हात द्यावा. घरातील वडीलधारे, जुने दिवाणजी किंवा हमाल यांना दाखवून ती कोणत्या दुकानातली, कोणत्या धान्यासाठी वापरली जाई, हे विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवावे. ते सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.