शिशातली फट

मी भालकीची. बीदरमध्ये एकोणीस वर्षं एक्स-रे काढते. श्वास धरा, हे रोज मराठीत, कन्नडात आणि दख्खनीत सांगायचं. छातीवर एक बिल्ला असतो. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि माझ्या अंगावर किती किरण पडले ते कळतं. त्यातल्या चकत्यांत कॅल्शियम सल्फेट असतं आणि त्यात जरासं डिस्प्रोसियम. हे दुर्मिळ मृदा, म्हणजे रेअर अर्थ गटातलं मूलद्रव्य. किरण पडले याची नोंद ते ठेवतं. याच गटातली त्याची भावंडं ते किरण अडवूही शकतात, हे मला फार उशिरा कळलं.

किरण अडवायला आमच्याकडे शिसं. अर्धा मिलिमीटर शिशाइतकं संरक्षण देणारा एप्रन पाच-सहा किलोंचा भरतो. संध्याकाळी मान आणि खांदे ठणकतात. मी नोकरीला लागले तिथे एप्रन घडी घालून कपाटात कोंबायचे. एकदा मी तो एप्रनच यंत्राखाली ठेवून फिल्म काढली. घडीच्या जागी शिसं चिरून काळी रेघ आली, बरोबर पोटावर. तेव्हा मला पाचवा महिना होता. बाळ सुखरूप झालं, पण ती रेघ डोळ्यांपुढून हलली नाही. त्या दिवसापासून माझ्या हातचा एप्रन कधी घडीत गेला नाही, खुंटीवरच राहिला.

ती चीर दिसली तरी. शिशाच्या अंगातच एक फट आहे, ती कुठल्याच फिल्मवर दिसत नाही. अणूच्या सगळ्यांत आतल्या घरातले इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले असतात. शिशाच्या अणूतून ते उपटायला ८८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा असलेला किरण आला तर तो त्या इलेक्ट्रॉनला धडकून स्वतः संपतो. त्याहून कमी असली, तर अडवायचं काम बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर पडतं आणि शिसं कमी पडू लागतं. आणि आमच्या रोजच्या तपासण्यांतले बरेचसे किरण ४० ते ८० च्या दरम्यानचेच!

दुर्मिळ मृदा गटातल्या गॅडोलिनियमचा हाच उंबरठा ५०.२ वर आहे, सेरियमचा ४०.४ वर, एर्बियमचा ५७.५ वर. म्हणून ६० च्या किरणापुढे वजनास वजन धरलं तर गॅडोलिनियम शिशाच्या दुपटीहून जास्त अडवतं. १०० वर गेलात की शिसं पुन्हा पुढे. मंद न्यूट्रॉनचा मामला तर निराळाच. शिसं त्यांना जवळजवळ अडवतच नाही. गॅडोलिनियम-१५७ मात्र बोरॉन-१० पेक्षा साठ पटींहून अधिक ताकदीनं त्यांना गिळतं. गिळताना गॅमा किरण सोडतं, म्हणून सोबतीला दुसरी जड धातू लागतेच.

आपल्याकडे ही मूलद्रव्यं किनाऱ्यावरच्या वाळूतल्या मोनाझाइटमधून निघतात. मोनाझाइटमध्ये थोरियमही असतं, ते वेगळं करावं लागतं. हाती येते ती बहुधा ऑक्साइडची पूड. पुडीची भिंत उभी राहत नाही. ती अॅल्युमिनियम, पोलाद किंवा तांब्याच्या मिश्रधातूत मिसळली, तर ओझं पेलणारी आणि किरणही अडवणारी एकच वस्तू होऊ शकते. जगभर संशोधक याच खटपटीत आहेत. कुठला पदार्थ किती किरण शोषतो, हे मोजण्याचं काम आपल्या शेजारी गुलबर्गा विद्यापीठातही झालं आहे. तिथल्या भौतिकशास्त्र विभागानं साखरेच्या जातीच्या पदार्थांवर केलेली मोजमापं २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या भागातलं हे काम आपल्याच लोकांना ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटतं.

मिसळायचं कसं, हे मला बिदरीच्या कारखान्यात उमगलं. आमच्या गल्लीतले चाचा सोळा भाग जस्तात एक भाग तांबं घालतात. तांबं जस्तात विरघळून एकजीव होतं. मग ओतकाम, कोरीवकाम, कोरलेल्या जागी चांदी ठोकून बसवणं आणि शेवटी किल्ल्यातली माती नि नवसागर लावून काळं करणं. जस्ताचं अंग काळं पडतं, चांदी उजळ राहते. ऑक्साइडचे कण या चांदीसारखे: धातूच्या अंगात असतात, पण विरघळत नाहीत. फरक इतकाच की चांदी कारागीर जागच्या जागी बसवतो आणि इथे बारीक कण सगळीकडे सारखे पसरायला हवेत. गुठळी झाली की तिथे धातू कमकुवत आणि तिच्या आजूबाजूला किरणांना वाट मोकळी. वितळलेली धातू ऑक्साइडला सहज ओलं करत नाही, म्हणून गुठळ्या होतातच. यावर एक उपाय ढवळत ओतण्याचा. दुसरा, धातू आणि ऑक्साइड या दोन्हींची पूड पोलादी गोळ्यांच्या चक्कीत तासन् तास घोटून, दाबून, भट्टीत भाजण्याचा.

मी चाचांना विचारलं, मुशीत न विरघळणारी पूड घातली तर? त्यांची पळी थांबली नाही. ती तळाशी बसेल नाहीतर वर तरंगेल, साच्यात ओतेपर्यंत हात चालू ठेवावा लागेल, असं ते म्हणाले. घरी येऊन मी घनता पाहिल्या. वितळलेल्या अॅल्युमिनियमची २.४, गॅडोलिनियम ऑक्साइडची ७.४, तिथे पूड भराभर बुडणार. वितळलेल्या जस्ताची मात्र ६.६. चाचांच्या मुशीत ती सावकाश बुडेल. हे त्यांना अजून सांगायचं आहे.